गव्हटूल: डीरेप नेमायला पाच मिनिटं, निवडायला मात्र एवढं पुरत नाही

२९ जानेवारी २०२५ ला कार्डानो या ब्लॉकचेनवर प्लोमिन हार्ड फोर्क (नियम बदलणारं मोठं अपग्रेड) झाला आणि तिथं स्टेकिंग करणाऱ्या, म्हणजे आपले अ‍ॅडा (कार्डानोचं नाणं) नेटवर्कच्या कामाला लावून रिवॉर्ड मिळवणाऱ्या प्रत्येकाला, मनात असो वा नसो, मतदार व्हावं लागलं. त्याआधी रिवॉर्ड कधीही काढता येत. आता तुमच्या स्टेक कीनं (वॉलेटमधली स्टेकिंगची किल्ली) आपलं मत कोणाकडे तरी सोपवलेलं नसेल तर रिवॉर्ड जमा होत राहतात, पण बाहेर काढता येत नाहीत. व्यवहारच नाकारला जातो. मग माणूस गव्हटूल उघडतो किंवा वॉलेटमधल्या गव्हर्नन्सच्या टॅबवर जातो. समोर डीरेपांची, म्हणजे आपल्या वतीनं मत देणाऱ्या प्रतिनिधींची, शेकडो नावं येतात आणि त्यातलं जरा ओळखीचं वाटणारं नाव दाबून तो मोकळा होतो. अडकलेले रिवॉर्ड सुटतात. मत मात्र पुढचे कित्येक महिने भलत्याच्याच हातात राहतं.

गव्हटूल हे इंटरसेक्ट या कार्डानोच्या सभासद-संस्थेनं पुढे आणलेलं वेब-अ‍ॅप. वापरायला पैसे नाहीत, वेगळं खातं उघडावं लागत नाही, वॉलेट जोडलं की काम सुरू. निकाल आधीच सांगून टाकायचा तर नेमणुकीचं काम ते चोख करतं, निवडीचं अर्धवट. उमेदवार स्वतःबद्दल काय लिहितो ते इथं नीटनेटकं वाचायला मिळतं. तो प्रत्यक्षात मत कसं देतो, किती वेळा देतो आणि कारण काय देतो, हे बघायला एक्सप्लोरर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणारी साइट) उघडावाच लागतो. आणि निवड करायची ती या दुसऱ्या माहितीवरून.

डीरेपच्या हातात काय काय असतं

सीआयपी-१६९४ या आराखड्यानुसार कार्डानोवर तीन घटक मत देतात: डीरेप, स्टेक पूल (नेटवर्कचे सर्व्हर) चालवणारे आणि संविधान समिती. प्रस्तावांचे सात प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराला तिघांचीही संमती लागतेच असं नाही. हार्ड फोर्कसाठी डीरेपांच्या मतशक्तीपैकी ६० टक्के आणि पूलवाल्यांकडून ५१ टक्के होकार हवा. संविधान बदलायला डीरेपांचे ७५ टक्के. खजिन्यातून पैसे काढायला ६७ टक्के, आणि इथं पूलवाल्यांना मतच नाही. म्हणजे दीड अब्जाहून जास्त अ‍ॅडा असलेल्या तिजोरीची चावी डीरेप आणि समिती यांच्यातच आहे, आणि समितीनं बघायचं ते फक्त प्रस्ताव संविधानात बसतो की नाही एवढंच. पैसे द्यावेत का, हा प्रश्न सर्वस्वी डीरेपचा. २०२५ मध्ये खजिन्यातून निव्वळ किती काढायचं याची मर्यादा ३५ कोटी अ‍ॅडा ठरली, तीही डीरेपांच्याच मतानं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नवीन माणसाच्या ती हमखास नजरेतून सुटते. एकदा मत सोपवलं की एखाद्या ठरावीक प्रस्तावावर तुम्हाला डीरेपला डावलून स्वतः मत देता येत नाही. कॉसमॉस हब या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तुमच्या वतीनं व्हॅलिडेटरचं (नेटवर्क चालवणाऱ्याचं) मत धरलं जातं, पण तुम्ही स्वतः मत दिलंत तर तुमचं चालतं. पोल्काडॉट या आणखी एका ब्लॉकचेनवर वेगवेगळ्या ट्रॅकसाठी (विषयांच्या गटांसाठी) वेगवेगळे प्रतिनिधी नेमता येतात. खजिन्यासाठी एक, तांत्रिक बदलांसाठी दुसरा. कार्डानोवर एका स्टेक कीला एकच डीरेप, सगळ्या विषयांसाठी. पटलं नाही तर डीरेप बदलायचा, एवढाच इलाज. म्हणून तांत्रिक बाबतीत हुशार पण पैशाच्या बाबतीत ढिला असा माणूस इथं चालत नाही. दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

ज्यांना विभागणी करायचीच आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे. बहुतेक वॉलेटमध्ये एकाच सीड फ्रेजवर (वॉलेटची गुप्त शब्दमाला) अनेक अकाउंट काढता येतात आणि प्रत्येक अकाउंटची स्टेक की वेगळी असते. अ‍ॅडा दोन अकाउंटमध्ये वाटून दोन डीरेप नेमता येतात. प्रत्येक नव्या कीच्या नोंदणीला २ अ‍ॅडा अनामत लागते, की रद्द केली की ती परत मिळते.

नेमणूक कशी होते

आधी अ‍ॅडा स्वतःच्या वॉलेटमध्ये हवेत. एक्स्चेंजवर पडून असलेल्या अ‍ॅडाची की एक्स्चेंजकडे असते, त्यामुळे मतही त्यांचंच. भारतातल्या काही अ‍ॅपवर नाणं विकत घेता येतं पण बाहेर पाठवता येत नाही. खरेदी करण्याआधी बाहेर काढण्याची सोय आणि फी बघून घ्या. डीफाय प्रोटोकॉलमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कर्ज-अदलाबदलीच्या सेवांमध्ये) टाकलेल्या अ‍ॅडाचंही तसंच: ज्या पत्त्यावर ते पडले आहेत त्याला तुमची स्टेक की जोडलेली नसेल, तर ते तुमच्या मतशक्तीत धरले जात नाहीत.

लेस, एटर्नल, व्हेस्पर, योरोई यांपैकी कोणतंही वॉलेट चालेल. यातल्या बहुतेकांत डीरेप नेमण्याची सोय आतच आहे, त्यामुळे नुसती नेमणूकच करायची असेल तर गव्हटूलला जायचीही गरज नाही. गव्हटूल हवं असेल तर पत्ता हातानं टाइप करा: गव्ह, डॉट, टूल्स. सर्च इंजिनवरच्या जाहिरातीतून जाऊ नका. वॉलेट जोडा, डीरेपची यादी उघडा, नाव किंवा आयडी शोधा, मत सोपवण्याचं बटण दाबा, वॉलेटमध्ये उघडलेली खिडकी वाचा आणि सही करा.

ती खिडकी वाचणं हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. व्यवहारात तीनच गोष्टी दिसल्या पाहिजेत: मत सोपवल्याचं प्रमाणपत्र, सुमारे ०.२ अ‍ॅडा फी, आणि स्टेक की पहिल्यांदाच नोंदवली जात असेल तर २ अ‍ॅडा अनामत. उरलेले सगळे अ‍ॅडा तुमच्याच पत्त्यावर परत आलेले दिसतात. दुसऱ्या पत्त्यावर काही जात असेल किंवा टोकन हलत असतील, तर खिडकी बंद करा. डीरेपला तुमचे पैसे कधीच द्यावे लागत नाहीत, अ‍ॅडा लॉक होत नाहीत, खर्च करायला मोकळे राहतात. सीड फ्रेज मागणारं पान कोणाच्याही नावाचं असो, लुटारूंचंच समजायचं.

स्टेक पूलचं डेलिगेशन आणि डीरेपचं डेलिगेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीरेप बदलल्यानं पूल बदलत नाही आणि रिवॉर्डवरही परिणाम होत नाही. पूलवालाच डीरेप असेल तरी त्याला दोन्ही एकदम द्यायची सक्ती नाही. किंबहुना पूल चांगला चालवतो म्हणून मतही त्यालाच द्यावं, हा तर्क तपासून घ्यावा असाच आहे. सर्व्हर चोवीस तास चालू ठेवण्याचं कसब आणि कोटभर अ‍ॅडाच्या मागणीचा प्रस्ताव वाचण्याचं कसब यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

अडतं ते बहुतेक वेळा चार ठिकाणी. पहिलं, वॉलेट प्रीप्रॉड किंवा प्रीव्ह्यू या चाचणी-नेटवर्कवर राहिलेलं असतं; मेननेटच्या गव्हटूलला ते जोडलं जात नाही. दुसरं, शिल्लक दिसते पण वापरता येत नाही: सगळे अ‍ॅडा टोकनांना चिकटलेले असतात किंवा ५ अ‍ॅडा कोलॅटरल (तारण) म्हणून बाजूला पडलेले असतात. अशा वेळी ४-५ सुटे अ‍ॅडा पाठवले की सुटतं. तिसरं, हार्डवेअर वॉलेटवरचं कार्डानो अ‍ॅप जुनं असतं आणि त्याला या नव्या प्रकारचं प्रमाणपत्र कळत नाही. आधी अ‍ॅप आणि फर्मवेअर अद्ययावत करा.

चौथं आयडीचं. एकाच डीरेपचा आयडी दोन रूपांत फिरतो. दोन्ही डी-आर-ई-पी आणि आकडा १ यांनीच सुरू होतात. जुनं रूप ५६ अक्षरांचं; सीआयपी-१२९ प्रमाणे आलेलं नवं रूप ५८ अक्षरांचं, आणि त्यात १ च्या लगेच पुढे वाय असतो. नव्या रूपात कीचा प्रकार सांगणारा एक बाइट पुढे जोडलेला असल्यामुळे लांबी आणि जवळपास सगळी अक्षरं बदलतात. त्यामुळे डीरेपनं आपल्या पानावर दिलेला आयडी आणि वॉलेटमध्ये दिसणारा आयडी जुळत नाही, आणि लोकांना वाटतं आपण तोतयाला मत दिलं. एक्सप्लोररवर दोन्ही रूपं शोधून बघा. एकाच पानावर पोचलात तर माणूस एकच.

पानावरच्या मजकुराचा किती भरवसा

डीरेपचं पान सीआयपी-११९ च्या साच्यात भरलेलं असतं: नाव, उद्दिष्टं, प्रेरणा, पात्रता, फोटो, पेमेंटचा पत्ता आणि दुवे. हा सगळा मजकूर उमेदवारानं स्वतः लिहिलेला असतो. ५०० अ‍ॅडा अनामत भरणारा कोणीही कोणत्याही नावानं नोंदणी करू शकतो, आणि ती अनामतही निवृत्त झाल्यावर परत मिळते. म्हणजे नाव आणि फोटो हा पुरावा नव्हे.

दुव्यांमध्ये ‘ओळख’ आणि ‘दुवा’ असे दोन प्रकार असतात. ‘ओळख’ हा शब्द वाचून पडताळणी झाली असं समजू नका. तोही उमेदवाराचाच दावा आहे. पडताळणी उलट बाजूनं करायची: तो दुवा उघडा आणि त्या खात्यावर हाच डीरेप आयडी जाहीर केलेला आहे का ते बघा. गव्हटूलच्या पानावरून खात्याकडे आणि खात्यावरून परत त्याच आयडीकडे अशी दोन्ही टोकं जुळली तरच माणूस खरा धरा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नावाला भुलून होणारी चूक यानंच टळते.

कधी कधी पानावर माहिती जुळत नाही किंवा सापडत नाही असा इशारा दिसतो. त्यामागचं कारण साधं आहे. ब्लॉकचेनवर सगळा मजकूर नसतो, फक्त फाइलचा पत्ता आणि तिचा हॅश (मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा) असतो. फाइल गिटहबवर किंवा आयपीएफएसवर (फाइल ठेवण्याच्या ऑनलाइन जागा) पडलेली असते. उमेदवारानं नंतर एक स्वल्पविराम जरी बदलला आणि नोंद अद्ययावत केली नाही, तरी हॅश जुळत नाही. फाइल असलेला सर्व्हर बंद पडला की मजकूर गायब. बहुतेक वेळा हा निष्काळजीपणा असतो, लबाडी नाही. पण दुसऱ्यांच्या पैशावर मत देणाऱ्यानं स्वतःची एक फाइल धड ठेवू नये हेही काहीतरी सांगतंच. महिनोन्‌महिने तो इशारा तसाच राहिला असेल तर पुढचं नाव बघा.

यादी मतशक्तीच्या उतरत्या क्रमानं लावण्याची सोय आहे, आणि नेमकी तीच टाळा. त्या क्रमानं वरची पाच-दहा नावं आणखी मोठी होतात, एवढंच होतं. त्यापेक्षा मतशक्ती आणि मत सोपवणाऱ्यांची संख्या हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. दोन कोटी अ‍ॅडा आणि सोपवणारे नऊ, असं दिसलं तर ते बहुधा एका मोठ्या धारकाचं स्वतःचं मत आहे. त्यात गैर काही नाही, पण तो तुमचं ऐकेल अशी अपेक्षा ठेवू नका. वीस लाख अ‍ॅडा आणि सोपवणारे चारशे, हा वेगळा माणूस. त्याला मतदार टिकवायचे असतात, त्यामुळे प्रश्नांना उत्तरं येण्याची शक्यता इथं जास्त.

गप्प बसणारा डीरेप सगळ्यात महाग

यादीत ‘सक्रिय’ असा शिक्का दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तो शिक्का मतदानाचा नाही. डीरेपनं २० एपोक, म्हणजे १०० दिवस, काहीच हालचाल केली नाही तर तो निष्क्रिय ठरतो. पण मत देणं जशी हालचाल धरली जाते, तशीच आपली नोंद नुसती अद्ययावत करणंही धरलं जातं. म्हणजे एकही मत न देता, दर तीन महिन्यांनी एक प्रमाणपत्र पाठवून वर्षभर सक्रिय राहता येतं.

यानं काय बिघडतं हे आकड्यांत बघा. समजा एकूण सक्रिय मतशक्ती १०० आहे आणि खजिन्यातून पैसे मागणारा प्रस्ताव आला. ६० होकार, १० नकार, १० तटस्थ आणि २० गप्प. तटस्थ मोजणीतून वजा होतात, गप्प बसलेले होत नाहीत. म्हणून छेद ९० राहतो. ६० भागिले ९० म्हणजे ६६.६७ टक्के. हवेत ६७. प्रस्ताव पडला. आता त्याच २० जणांनी तटस्थ मत दिलं असतं, किंवा ते एव्हाना निष्क्रिय ठरलेले असते, तर छेद ७० झाला असता आणि होकार ८५.७ टक्के. प्रस्ताव आरामात मंजूर. एकाही माणसानं मत न बदलता निकाल फिरतो. सोसायटीच्या सभेला न आलेला सभासद ठरावाच्या मोजणीतून गळतो. इथं न आलेल्याचा नकार धरला जातो, आणि तोही तुमच्या अ‍ॅडाच्या वजनासकट.

त्यामुळे आमच्या मते क्रम असा लागतो: विचार करून मत देणारा डीरेप सर्वांत चांगला, तुमच्याशी न पटणारा पण कारण देणारा दुसरा, आणि गप्प बसणारा शेवटचा. न पटणाऱ्याला निदान वेळेवर सोडता येतं. गप्प बसलेल्याच्या बाबतीत तुमचं वजन नकाराच्या पारड्यात पडतंय हे कळायलाच महिने जातात.

मतांची नोंद कशी वाचायची

कार्डानोस्कॅन, अ‍ॅडास्टॅट किंवा सीएक्सप्लोररवर डीरेपचा आयडी टाका. मतांचा इतिहास उघडा. आधी नोंदणीची तारीख बघा. त्याआधीच्या प्रस्तावांवर मत नाही म्हणून दोष देणं अन्याय होईल. शिवाय १ सप्टेंबर २०२४ च्या चँग हार्ड फोर्कपासून प्लोमिनपर्यंत डीरेपांना फक्त इन्फो अ‍ॅक्शनवर (नुसतं मत अजमावणाऱ्या प्रस्तावांवर) मत देता येत होतं, त्यामुळे खरी परीक्षा फेब्रुवारी २०२५ मधल्या संविधानाच्या मतदानापासून सुरू होते.

नोंदणीनंतर किती प्रस्ताव आले आणि त्यातल्या किती मतांची नोंद आहे, हे मोजा. प्रत्येक प्रस्ताव ६ एपोक, म्हणजे ३० दिवस खुला असतो. सुट्टी, आजारपण, प्रवास सगळं धरूनही महिनाभरात एक सही जमायला हरकत नसते. दहातली आठ-नऊ मतं असतील तर पुढे वाचा. दहातली चार असतील तर पान कितीही सुंदर लिहिलेलं असो, सोडून द्या.

मग प्रस्तावांचे प्रकार वेगळे करा. इन्फो अ‍ॅक्शननं लेजरवर काहीच बदलत नाही, तिथं मत देणं स्वस्त. २०२५ च्या बजेटच्या चर्चेत इन्फो अ‍ॅक्शनलाही वजन आलं हे खरं, पण माणूस ओळखायला पैशाचे प्रस्ताव बरे. त्या वर्षी इंटरसेक्टमार्फत खजिन्यातून पैसे मागणारे प्रस्ताव तीन डझनांहून जास्त संख्येनं एकदम आले. कोणत्याही डीरेपला ओळखायला ही यादी उत्तम. बघायचं ते असं: सगळ्यांवर एकच मत, एकाच तासात, एकच कारण चिकटवून? की काहींना होकार, काहींना नकार, आणि फरक का ते लिहिलेलं? सरसकट होकार आणि सरसकट नकार दोन्ही आळसाचीच रूपं असू शकतात. सरसकट नकाराला तत्त्वाचा मुलामा जास्त सहज चढतो, एवढंच. अपवाद हा की डीरेपनं आधीच जाहीर केलेलं असावं की या पद्धतीनं पैसे वाटण्यालाच माझा विरोध आहे, आणि का. मग तो आळस नाही, भूमिका आहे. तुम्हाला पटते का ते बघा.

मताच्या व्यवहारासोबत कारणाची फाइल जोडता येते. ती उघडा. ‘चांगला संघ, पाठिंबा’ एवढंच असेल तर ते कारण नव्हे. कामाचं कारण कसं दिसतं? मागितलेली रक्कम आणि अ‍ॅडाचा धरलेला भाव यांचा उल्लेख असतो. पैसे एकरकमी जाणार की टप्प्याटप्प्यानं सुटणार, मधे कोणाच्या ताब्यात राहणार, काम झालं नाही तर परत येणार का, हे विचारलेलं असतं. आणि नकार असेल तर कोणता बदल केल्यास होकार मिळेल ते सांगितलेलं असतं. अशी तीन-चार कारणं वाचली की माणूस कळतो. पात्रतेच्या रकान्यातल्या पदव्यांवरून कळत नाही.

डीरेपला प्रस्ताव खुला असेपर्यंत मत बदलता येतं आणि शेवटचं मत धरलं जातं. एक्सप्लोररवर आधीची मतंही दिसली तर तिथं थांबा. नकाराचा होकार झाला असेल आणि मधल्या काळात प्रस्ताव मांडणाऱ्यानं हिशेब दिला असेल, तर ते चांगलं लक्षण. काहीच न घडता फिरला असेल, तर विचारा.

शेवटी हितसंबंध. प्रोटोकॉल डीरेपला मानधन देत नाही. मग तो हे काम कशाच्या जोरावर करतो? पूल चालवतो, कंपनीत नोकरी करतो, वॉलेट बनवतो, की स्वतःच खजिन्याकडे पैसे मागतो? यातलं काहीही अपात्रता नाही. फक्त ज्या प्रस्तावात त्याचं स्वतःचं नाव किंवा त्याची कंपनी आहे त्यावर त्यानं काय केलं ते शोधा. तटस्थ राहून तसं जाहीर केलं असेल तर उत्तम. स्वतःलाच गुपचूप होकार दिला असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

हे सगळं गव्हटूलनं एका पानावर आणून ठेवलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता. डीरेपच्या पानावर वरच्या बाजूला ‘नोंदणीपासून इतक्यापैकी इतकी मतं, त्यातली इतकी कारणासह’ अशी एक ओळ हवी. ‘सक्रिय’ या शिक्क्यापेक्षा ती शंभर पट उपयोगी पडेल. इंटरफेस इंग्रजीत आहे आणि उमेदवारांचा मजकूरही बहुतांशी इंग्रजीतच, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला आकड्यांची ती एक ओळ तर जास्तच हवी.

कोणालाच द्यायचं नसेल तर

दोन तयार पर्याय आहेत. ‘अ‍ॅबस्टेन’ निवडलंत तर तुमचे अ‍ॅडा मोजणीतून कायमचे बाजूला होतात आणि रिवॉर्ड काढता येतात. वाचायला वेळ नसेल तर हा प्रामाणिक पर्याय आहे. गप्प डीरेपपेक्षा नक्कीच बरा, कारण कोणाचा खेळ बिघडत नाही.

‘नो कॉन्फिडन्स’ मात्र नाव बघून निवडू नका. ‘माझा कोणत्याच डीरेपवर विश्वास नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात तो अविश्वास संविधान समितीवरचा आहे. हा पर्याय निवडला की समितीवरच्या अविश्वास प्रस्तावाला तुमचा आपोआप होकार आणि बाकी प्रत्येक प्रस्तावाला नकार जातो. हार्ड फोर्क, सुरक्षा दुरुस्ती, सगळ्याला.

तिसरा पर्याय स्वतः डीरेप होण्याचा. गव्हटूलमध्ये थेट मतदार म्हणून नोंदणीची सोय आहे. ५०० अ‍ॅडा अनामत लागते, सार्वजनिक माहिती भरण्याची सक्ती नाही. प्रत्येक मताला नेहमीची व्यवहार-फी पडते. एक लक्षात ठेवा: डीरेप म्हणून नोंदणी झाली म्हणजे तुमचं स्वतःचं वजन आपोआप तुमच्याकडे आलं असं नाही. मत स्वतःकडे सोपवल्याचं प्रमाणपत्र गेलं आहे का, ते एक्सप्लोररवर तपासा. आणि १०० दिवसांची मर्यादा तुम्हालाही लागू आहे. ज्यांच्याकडे काही हजारच अ‍ॅडा आहेत त्यांनी ५०० अडकवून महिन्याला दोन-चार प्रस्ताव वाचण्यापेक्षा चांगला डीरेप शोधावा. पन्नास हजारांच्या पुढे हिशेब बदलतो.

डीरेप बदलताना जुना आधी काढावा लागत नाही. नवं प्रमाणपत्र जुन्याची जागा घेतं, २ अ‍ॅडा पुन्हा लागत नाहीत, फी तेवढी पडते. मतशक्ती एपोकच्या सीमेवर मोजली जाते, म्हणून बदल करताच आकडा हलला नाही तर पाच दिवस थांबून मग बघा. तुमचा डीरेप निवृत्त झाला तर मात्र तुमचं मत कोणाकडेच राहत नाही, वॉलेट आठवणीनं कळवेलच असं नाही, आणि पुढच्या वेळी रिवॉर्ड काढायला गेलात की व्यवहार पुन्हा नाकारला जातो. तीन महिन्यांतून एकदा एक्सप्लोररवर आपली स्टेक की टाकून दोनच गोष्टी बघा: डीरेपचं नाव तेच आहे का, आणि शेवटचं मत कधी दिलं.